राखीव वादकाचा पियानो

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने आधी पियानोवादक आणि नंतर पियानोशिक्षिका, अविवाहित, वय सत्तरीच्या पुढे (किती पुढे ते विचारू नये), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ मागे पडले आहे तेही सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न एकाने केला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

याआधी केलेली माझी सगळी मृत्युपत्रे मी रद्द करते. ती बरीच आहेत. वकीलसाहेब म्हणतात, मरायची इतकी तयारी त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही अशिलाने केलेली नाही. त्यांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात रिकाम्या जागा होत्या, पण एवढ्याशा, की कोणाला काय ते मावेल आणि का ते मावणार नाही. म्हणून मी कोरा कागद घेतला. ज्यांना कारणे वाचायची नसतील त्यांनी कलमांची पहिली ओळ वाचून पुढे जावे.

कलम १. शोकसभा घेऊ नये. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी ते घरी बसून वाटून घ्यावे. तरीही कोणी सभा भरवलीच, तर वर्तमानपत्रातल्या त्या जुन्या संगीत समीक्षकाला आमंत्रण पाठवू नये. ते गृहस्थ न येताही छान लिहितात. एका हिवाळ्यात एक नामांकित वादक तापाने अंथरुणाला खिळला आणि त्याच्या जागी मी वाजवले. दुसऱ्या दिवशी या गृहस्थांनी छापले, की नामांकित वादकाच्या बोटांत पुरुषी दमदारपणा असून मधल्या संथ भागात त्याने अख्ख्या सभागृहाला रडवले. गृहस्थ सभागृहात नव्हते. रडवले मी होते. दुरुस्ती मागायला गेले तेव्हा म्हणाले, "अहो, कौतुकच केलंय ना? मग तक्रार कसली?" त्यावर मी त्यांना जे सांगितले ते इथे लिहीत नाही, कारण हा कागद सरकारी कचेरीत नोंदवायचा आहे.

कलम २. माझे काळे पोशाख खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावेत. कापड उंची आहे आणि अजिबात विरलेले नाही. ते घालून मी बहुतेक वेळ नुसती बसून होते.

वाचणाऱ्याला माझा व्यवसाय ठाऊक नसेल, म्हणून खुलासा करते. मोठ्या सभागृहात मोठा वादक बोलावला की तिकिटे कितीतरी आधी विकली जातात. पण मोठा वादकही माणूसच. त्याला ताप येतो, त्याचे विमान चुकते, ऐन दिवशी त्याचे बायकोशी वाजते. अशा वेळी लोकांना पैसे परत द्यावे लागू नयेत म्हणून सभागृह एक राखीव वादक ठेवते. तिने तीच रचना तितकीच पक्की करायची, तसाच पोशाख घालायचा, केस बांधायचे, हात गरम ठेवायचे आणि पडद्यामागच्या खोलीत बसायचे. बाहेर मुख्य वादकाने सुरुवात केली की पर्स उचलून घरी जायचे. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक मैफली मी भिंतीपलीकडून ऐकलेल्या आहेत, आणि त्याही सुरुवातीची दोन पाने.

कधी वाजवायला मिळालेच, तर आधी व्यवस्थापक रंगमंचावर जाऊन जाहीर करी, की अमुक वादक आज अस्वस्थ आहेत, त्यांच्या जागी तमुक. मग सभागृहातून एक उसासा येई. शेकडो माणसे एकदम निराश झाली की त्याचा आवाज होतो, आणि तो आवाज फार स्पष्ट असतो. त्या उसाशातून चालत जायचे, स्टूल वरखाली करायचे आणि सुरुवात करायची. शेवटी टाळ्या पडत, चांगल्या पडत. टाळ्यांविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांनी उसासा पुसला जात नाही. मी पुष्कळ वेळा पुसून पाहिला.

कलम ३. माझ्या शाळेला काहीही देऊ नये. शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थिनींची नावे छापली, त्यात माझ्या नावापुढे 'गृहिणी' असे आहे. मी पत्र पाठवले. उत्तर आले की पुढच्या आवृत्तीत बघू.

शाळेत आम्हाला पियानो शिकवणाऱ्या सिस्टर मात्र फार मोठ्या ताकदीच्या होत्या. माझ्या हातात जे काही आहे ते त्यांचे आहे. पण माझ्या डोक्यात जे बिघडले तेही त्यांचेच. प्रत्येक तासाला त्या सांगत, "तयार असलेल्या मुलीलाच बोलावणं येतं." मी ते खरे मानले. तयार राहिले. आजही दारावरची घंटा वाजली की माझा हात आधी केसांकडे जातो. हे लिहितानाही दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले. खाली कोणी नव्हते.

कलम ४. बँकेत जे असेल ते दवाखान्याचे देणे भागवून वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला द्यावे. तिच्या पायाखाली मी आयुष्यभर सप्तके घासत आले आणि तिची दुपारची झोप मोडत आले. ती तक्रार घेऊन कधी आली नाही. एकदाच खाली आली, ती विचारायला, की आज आवाज कसा नाही. कुकर, बरण्या आणि चांगला तवाही तिलाच. वाईट तवा भाच्याला.

कलम ५. कंडक्टर. बसचा नव्हे. बसच्याने निदान तिकीट तरी दिले असते. मी म्हणते तो वाद्यवृंदापुढे उभा राहून हात हलवणारा. तो हयात आहे, दुसऱ्या शहरात मुलीकडे असतो. त्याला मी काही ठेवत नाही. त्याने मला पुष्कळ ठेवले आहे.

राखीव वादकाची नोकरी मी एका हंगामापुरती धरली होती. त्याने शब्द दिला होता, की पुढच्या हंगामात माझ्या नावाचा कार्यक्रम लावतो. पुढचा हंगाम आला तेव्हा तो म्हणाला, "आता तुमच्याइतकं तयार दुसरं कोण आहे? तुम्हाला काढून मी राखीव आणू कुठून?" हे तो कौतुकाने म्हणाला, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की मला ते कौतुक वाटले. दरवर्षी तेच. मी जितकी चांगली, तितकी तिथेच. मी वाईट वाजवले असते तर एक तर सुटले असते, नाही तर पुढे गेले असते.

वाद्यवृंदात ओबो नावाचे फुंकवाद्य वाजवणारा एक सज्जन मनुष्य त्या काळात मला लग्नाचे विचारत होता. त्याच्या आईवडिलांना भेटायला जायचे ठरले, मी साडी बदलून निघाले आणि सभागृहाचा फोन आला, की मुख्य वादकाचा घसा बसला आहे, या. पियानो वाजवायला घसा कशाला लागतो हे विचारायचे मला सुचले नाही. मी गेले, आणि घसा बसलेल्या वादकाने काढा पिऊन उत्तम वाजवले. ओबोवाला पुढे एका शिक्षिकेशी लग्न करून सुखी झाला. त्याने मला राखीव म्हणून ठेवून घेतले नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवते.

मग एक दिवस सभागृहाने कळवले, की राखीव वादक यापुढे तरुण असावा असे धोरण ठरले आहे, कारण राखीव वादकाला पुढे संधी मिळायला हवी. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. अजून कधीकधी भाजी चिरताना ते आठवते आणि मी सुरी खाली ठेवते.

कलम ६. तालयंत्र आणि स्वरलिपीची सर्व पुस्तके पियानो जुळवायला येणाऱ्या गृहस्थांना द्यावीत. ते वाचत नाहीत, पण जपतील. पुस्तकांवर पेन्सिलीने बोटांचे आकडे घातले आहेत ते खोडू नयेत.

सभागृह सुटल्यावर मी शिकवायला लागले. लोक म्हणाले, आता विश्रांती. ज्यांनी मुलांना काही शिकवलेले नाही त्यांना असे वाटते. एका आईने मुलीला आणून बसवले आणि म्हणाली, पाहुण्यांसमोर वाजवता येईल एवढेच शिकवा. मी म्हटले, मग आधी पाहुण्यांना गप्प बसायला शिकवा. ती मुलगी पुढच्या आठवड्यापासून आली नाही, आणि माझे नाव खडूस म्हणून पसरले, त्यामुळे उरले ते चांगले विद्यार्थी.

त्यांतली एक टिकली. तिला मी 'घाई' म्हणते आणि आता सगळी इमारत तेच म्हणते, कारण लहानपणापासून ती कोणतीही रचना पुढच्या पानाकडे धावत सुटल्यासारखी वाजवते. आज ती पस्तिशीची आहे आणि अजून धावते. पण हात असा, की सिस्टरांनी ऐकला असता तर मारायची पट्टी खाली ठेवली असती. मी तिला सभागृहाचे नाव काढायचे नाही असे बजावले होते. तिने काढले. पोटाला लागते. माझ्यानंतर आलेला तरुण राखीव वादक कंटाळून परदेशी गेला, आणि त्या खुर्चीवर आता घाई बसते. तिलाही शब्द मिळालेला आहे. पुढच्या हंगामाचाच.

ती भाड्याच्या खोलीत राहते. तिची घरमालकीण गुणगुणले तरी भिंतीवर मारते. म्हणून घाई रोज सकाळी माझ्याकडे येऊन सराव करते, मी मागे स्वयंपाकघरात असते, आणि चुकली की तिथूनच ओरडते. असे वर्षानुवर्षे चालले आहे. माझा पियानो गेला तर तिचा सराव गेला, आणि तिचा सराव गेला तर ती गेली. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावे, कारण या कागदातले खरे भांडण तिथे आहे.

कलम ७. भाचा. माझ्या दिवंगत भावाचा एकुलता एक मुलगा. तो वाईट नाही. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिले आहे. तो दुकाने सजवून देण्याचा धंदा करतो आणि जग त्याला दुकानासारखे दिसते. मागे एकदा तो आला आणि खिशातून मोजपट्टी काढून पुढच्या खोलीची भिंत मोजायला लागला.

मी विचारले, काय रे हे.

"सहज गं, आत्या."

"सहज कोणी भिंत मोजतं का?"

मग पियानोभोवती एक चक्कर मारून म्हणाला, किती जागा खातो हा. आणि मग, अगदी गोड आवाजात, "याचं आतलं सगळं काढून नुसतं लाकूड ठेवलं ना, तर काय झकास काउंटर होईल."

"तुझंही आतलं काढून बघ," मी म्हटले. "फारसं काढावं लागणार नाही."

तो हसला. अपमान केला की हसायचे हे त्याने माझ्या भावाकडून घेतले आहे, आणि त्यामुळेच त्याच्यावर पुरते रागावता येत नाही. जाताना मात्र म्हणाला, की मृत्युपत्र एकदाचे करून टाक, आत्या, पुढे गोंधळ नको. वर ज्या दबावाचा उल्लेख केला तो हा.

मी करायला घेतले. आधी मनाशी सोपे ठरवले, घर भाच्याला, पियानो घाईला. मग सामान हलवणारे बोलावले, की हा न्यायचा झाला तर कसा न्याल ते बघून सांगा. त्यांचा मुकादम जिन्यात उभा राहून वर बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, हा आत आलाच कसा?"

आला तेव्हा जिन्याच्या मधोमध मोकळी जागा होती आणि तो दोरांनी वर चढवला होता. नंतर इमारतीतल्या लोकांनी त्या जागेत लिफ्ट बसवली. मी तेव्हा दुसऱ्या शहरातल्या सभागृहात, दुसऱ्या पडद्यामागे, न वाजवता बसले होते. परत आले तर लिफ्ट चकचकीत उभी. सगळे आनंदात, मीही आनंदात, गुडघे दुखतच होते. पियानो आता अडकला हे एकाच्याही लक्षात आले नाही. खिडकीतून काढावा तर समोर गाड्या ठेवायची इमारत इतकी जवळ, की क्रेन उभी राहत नाही. मुकादमाने खेदाने मान हलवली. फोडूनच न्यावा लागेल.

म्हणजे ज्याची खोली त्याचा पियानो, आणि ज्याची खोली त्याच्या खिशात मोजपट्टी.

कलम ८. पियानो आणि पुढची खोली. हे कलम मी आतापर्यंत तीनदा लिहिले. आधीची दोन का रद्द केली ते सांगितल्याशिवाय तिसरे कळणार नाही.

पहिले वकीलसाहेबांचे. त्यांनी सुचवले, की घर भाच्याच्या नावे करा आणि घाईला वाजवू द्यावे अशी अट घाला. त्याने अट मोडली तर घर घाईकडे जाईल. तिला आपण पर्यायी वारस करू.

मी विचारले, पर्यायी म्हणजे काय?

"म्हणजे भाच्यांनी अट मोडली, किंवा तुमच्या आधी त्यांचंच काही झालं, तर त्या. तोवर त्यांनी थांबायचं."

"म्हणजे राखीव."

"कायद्यात असा शब्द नाही, बाई."

"धंद्यात आहे."

मी त्यांच्या कचेरीतून उठून चालू लागले. चष्मा टेबलावर राहिला, तो त्यांच्या कारकुनाने घरी आणून दिला. कोणाचे तरी काही बिघडावे, मग हिची पाळी यावी, असे कलम माझ्या सहीने होणार नाही.

दुसरे मी स्वतः लिहिले. पुढच्या खोलीला जिन्यावर उघडणारे वेगळे दार आहे. मी लिहिले, की माझ्या मृत्यूनंतर ती खोली, त्यातील पियानोसह, थेट आणि बिनशर्त घाईची. मागच्या खोल्या भाच्याच्या. पर्यायी कोणी नाही. लिहून झाल्यावर मला इतके बरे वाटले की मी पंखा लावून, हात मांडीवर ठेवून बसले, जे मला एरवी जमत नाही. तिला कधी एकदा सांगते असे झाले.

पण ती येईना. एक सकाळ गेली, दुसरी गेली. आठवडा होत आला. मी पियानोचे झाकण उघडून ठेवी आणि संध्याकाळी धूळ पुसून मिटी. शेवटी निरोप धाडला. ती आली आणि दारातच उभी राहिली. मी तिला कागद वाचून दाखवला.

ती म्हणाली, "बाई, असं काही लिहून ठेवू नका."

मी म्हटले, का, घरमालकिणीच्या भिंतीवर सराव करणार आहेस का?

तेव्हा कळले, की माझा भाचा तिला जिन्यात भेटला होता आणि म्हणाला होता, वाजवून घ्या, आत्या आहे तोवर. त्याच्या मते ते आपुलकीचे बोलणे होते. ती वर येऊन सरावाला बसली आणि मी स्वयंपाकघरात खोकले.

"माझा हात थांबला नाही," घाई म्हणाली. "पण मनात आलं, की हा खोकला साधाच असेल ना. आणि लगेच आलं, नसला तर? बाई, तुमची काळजी वाटली म्हणून नाही. पियानोची वाटली. मग तुम्ही परत खोकलात आणि मी ऐकत बसले, कोरडा आहे की ओला."

मी कागद टेबलावर ठेवला.

"हॉलमध्ये मी हेच करते. मोठा माणूस आला की भिंतीला कान लावून त्याच्या शिंका ऐकते. पगारच त्याचा घेते. पण इथे नाही करायचं मला. आणि तुम्ही हे लिहून ठेवलंत, तर मी दुसरं काय करणार?"

मी चहा विचारला. तिने नको म्हटले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेली.

माझ्या जागी दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, काय कृतघ्न मुलगी. माझी तशी ख्यातीही आहे. पण मला तो कान ठाऊक आहे. तो तिचा दोष नाही, त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो उगवतो. कोणाचा आवाज बसला आहे, कोण जेवला नाही, कोणाचा हात पायऱ्या उतरताना कठड्यावर रेंगाळला, हे मला पडद्यामागून कळत असे. ज्यांनी अशा खुर्च्या मांडल्या त्यांना जाब विचारा.

ती दुपार मी खिडकी ते स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर ते खिडकी अशी काढली. कागद टेबलावर पडला होता. जाता येता दिसत होता. आणि मग माझ्या लक्षात आले, की मी काय लिहून ठेवले आहे. मृत्युपत्र हा कागदच तसला आहे. त्यात ज्याचे नाव घालाल त्याला पडद्यामागे बसवाल. मी मुख्य वादक. घाई केस बांधून, हात गरम ठेवून तयार. आणि मी शिंकण्याची वाट. ज्यांच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडली, त्यांनी माझे जे केले तेच मी तिचे करायला निघाले होते, आणि वर उपकार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांची कचेरी उघडायच्या आधी मी त्यांच्या दारात होते. मी म्हटले, माझ्यानंतर नको. आत्ता. ते म्हणाले, आत्ता म्हणजे बक्षीसपत्र करावे लागेल, आणि ते एकदा नोंदवले की परत घेता येत नाही. नीट विचार करा.

"उद्या त्यांनी तुम्हाला खोलीत येऊ दिलं नाही तर?"

"तर मी दार वाजवीन."

भाच्याला मीच फोन केला. मागून कळून रुसण्यापेक्षा आधी कळून रुसलेला बरा.  तो म्हणाला, "आत्या, ती तुला बाहेर काढेल." मी म्हटले, माझ्याकडे मागच्या खोल्या आहेत, मी बाहेर जाणार नाही, आत जाईन. "आणि मी?" मी त्याला सांगितले, की मागच्या खोल्या माझ्यानंतर तुझ्याच आहेत. तुझ्या बाबतीत मला चिंता नाही. वाट पाहताना झोप लागणारा मनुष्य आहेस तू, माझ्या खोकल्याने तू उठून बसणार नाहीस. तो हसला. मग म्हणाला, की खोल्यांच्या मधल्या दाराला आवाज अडवणारी पट्टी लावून देतो, फुकट. हे त्याच्या नावावर जमा करते. चांगला तवाही त्याला द्यावा. शेजारणीकडे तसे चार आहेत.

म्हणून तिसरे आणि शेवटचे कलम ८ असे आहे. पुढची खोली आणि त्यातील पियानो यांविषयी या मृत्युपत्रात काहीही तरतूद नाही. ती खोली आणि तो पियानो माझे नाहीत. बक्षीसपत्र नोंदवले गेले असून किल्ली दिली आहे. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या मृत्यूनंतर भाच्याला.

किल्ली देताना घाईने कागद उभ्यानेच वाचला. मग विचारले, "म्हणजे आता तुम्ही गेलात तर मला काहीच मिळणार नाही?"

"छदामही नाही."

"नक्की?"

"वकिलांना विचार."

तिने खरेच फोन लावून विचारले. मग पियानोपाशी बसली. मी मागे आले आणि कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने मला खोकला आला, नेहमीचा. पुढच्या खोलीतले वाजणे मधेच तुटले. पियानोवर बसलेली असताना घाई स्वतःहून थांबली, असे मी पूर्वी कधी पाहिलेले नाही.

"बाई," ती तिकडून ओरडली, "दाखवून या तो खोकला कोणाला तरी. रोज ऐकतेय मी."

मी डॉक्टरांकडे गेले ती अशी. खोकला साधाच निघाला. तिने सभागृहाची नोकरी सोडली की नाही, मी विचारलेले नाही. खोली तिची, धंदा तिचा. न विचारता बसणे मला फार जड जात आहे, हे मात्र नोंदवते.

कलम ९. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलसाहेबांनी पाहावी आणि माझी वाक्ये सुधारू नयेत.

शेवटची अडचण साक्षीदारांची. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करायची नाही, असे वकीलसाहेब सांगतात. मी यादी केली तर भाचा गेला, शेजारीण गेली, शिवणकाम करणाऱ्या बाई गेल्या, पियानो जुळवणारे गेले. म्हटले, आता मी रस्त्यावरून माणूस धरून आणू काय? डॉक्टर एक झाले. दुसरे कोण? वकीलसाहेबांनी पुढच्या खोलीकडे बोट केले. तिथे वाजवणे चालू होते. मी मधले दार वाजवून आत गेले आणि तिला सही करायला बोलावले. ती मान वर न करता म्हणाली, "थांबा बाई, हा भाग संपू दे." आम्ही तिघे पेन उघडे ठेवून थांबलो.

वरील सर्व मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर असेल तो.

सही: बाई, पियानोवादक.

आमच्या समोर, आणि आम्ही एकमेकांच्या समोर, सही केली:

साक्षीदार पहिला: डॉक्टर. घड्याळ दुरुस्त करून घेतले आहे.

साक्षीदार दुसरी: घाई, पियानोवादक, राहणार पुढची खोली. सही करणारीच्या मृत्यूने हिला काहीही मिळत नाही.